आवाज आटवायचा न्हाई

मी बापूंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉम्प्युटरचा वास घेत होते. आष्ट्यात त्यांच्या व्हिडिओच्या दुकानाला लागून मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरत होता की माणच्या माळावर मेंढ्या बुजल्या असतील. आणि बापू त्या डब्याला नाक लावून, डोळे मिटून उभे. मी हबकलोच.

"काय जळतंय का बापू?"

"गप रं. शिजतंय. अजून कच्चं हाय."

बापू मूळचे गुळवे. उभा जन्म गुऱ्हाळावर, चुलाणावरच्या भल्यामोठ्या काहिलीत उसाचा रस आटवण्यात गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर लग्नाचे व्हिडिओ काढायला-जोडायला लागले, पण डोक्यातली काहील काही उतरली नाही. सॉफ्टवेअर विचारायचं, क्वालिटी हाय, मीडियम की लो? बापूंच्या लेखी हाय म्हणजे रस, मीडियम म्हणजे काकवी आणि लो म्हणजे गुळाची ढेप.

"मोठ्या पडद्यावर दावायचं तर रस. टीव्हीला काकवी. मोबाईलवर धाडायचं तर ढेपच बांधाय लागती, न्हाईतर पोचत न्हाई." एक गोष्ट मात्र ते कधी आटवत नसत. "चित्राला किती बी जाळ लावा. आवाजाला लावायचा न्हाई. आवाज करपतो."

शेजारच्या गावच्या सुभाषचं लग्न बापूंनीच शूट केलं. सुभाष फौजी. सुट्टी संपवून बर्फात गेला आणि तिथून फोन केला, "बापू, हितं नेटवर्क नावालाच हाय. लय बारकं करून धाडा." बापूंनी चाळीस जीबीचं लग्न चाळीस एमबीत कोंबलं. नवरीच्या शालूचं पोतेरं झालं, वरातीतलं घोडं बोकडाएवढं उरलं, पण लग्न बर्फात पोचलं. आम्ही त्या खुशीत चहा सांगितला.

सहा महिन्यांत सुभाषची आई गेली. दिवसकार्य उरकून तो दुकानात आला.

"बापू, मोठी फाईल द्या. चालतीबोलती आई तेवढ्यातच हाय. माझ्या मोबाईलात तिच्या तोंडाचं निस्तं चौकोन दिसत्यात."

"मोठी कुठली?" बापू म्हणाले. "आटवली की ती."

"व्हय, पण ओरिजिनल?"

"आटवल्यावर रस कुठं ऱ्हातो रं?"

माझ्या मशीनमधून कागद पडत राहिले, बंद करायचं मला सुचेना. गूळ निघाला की काहील धुवावी, तसा हा माणूस लग्न तयार झालं की मूळ चित्रण पुसून टाकत होता. इतकी वर्षं. अख्ख्या तालुक्याचं.

सुभाष ओरडला नाही. बापूंना तेच जास्त लागलं असावं. तीन दिवस ते खुर्चीवरून हलले नाहीत. तीच बारकी फाईल घेतली, क्वालिटी सगळ्यात वरची लावली आणि पुन्हा शिजवायला ठेवली. फाईल हत्तीएवढी झाली. आईचे चौकोन तेवढेच राहिले, फक्त मोठे झाले.

चौथ्या दिवशी त्यांनी सुभाषला बोलावलं. "गुळात पाणी वतून रस हुत न्हाई, गड्या. तुझ्या आईचं तोंड म्या घालीवलं. आवाज तेवढा ऱ्हायलाय."

त्यांनी पडदा बंद केला आणि नुसता आवाज लावला. सनईच्या गोंगाटातून म्हातारी स्वच्छ म्हणाली, "सुभ्या, त्या मुंडावळ्या सार बाजूला, आदी दोन घास खा. सकाळधरनं उपाशी हाईस."

सुभाषने ते किती वेळा ऐकलं? एरवी मी आकडा फुगवून सांगितला असता. इथे सांगवत नाही.

त्यानंतर बापूंनी काही पुसलं नाही. हार्डडिस्क घेत गेले, गुळाच्या रिकाम्या खोक्यांत रचत गेले. प्रत्येकीवर जाड पेनाने एकच शब्द: रस.

गेल्या साली बापू गेले. दुकान आवरताना, ज्या डब्याचा ते वास घ्यायचे त्यावरच एक वेगळी डिस्क सापडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सुभ्याची आई'. सुभाषला फोन लावायला मी मोबाईल काढला, मग म्हटलं आधी बघू. डिस्क जोडली.

आत काहीच नव्हतं. ती पुसलेली नव्हती, कधी भरलेलीच नव्हती. ओतून दिलेल्या त्या रसाची जागा बापूंनी तेवढी राखून ठेवली होती.