जर्मन कॅमेऱ्यातला रोल

त्या तपासाची आठवण झाली की आजही मला स्वतःची लाज वाटते. ऐंशीच्या दशकात मी भिलाईत ठाणेदार होतो. तेव्हा आमचं राज्य मध्य प्रदेश.

पोलाद कारखान्यातले एक क्लार्क तक्रार घेऊन आले. मूळचे भंडाऱ्याकडचे, फोटोचा शौक. नवा कॅमेरा परवडेना, म्हणून नागपूरच्या जुन्या बाजारातून लढाईच्या आधीचा जर्मन फोल्डिंग कॅमेरा आणलेला. बायकोच्या तेरवीनंतर घराला चुना मारून घेतला, तेव्हाच तो चोरीला गेला.

"साहेब, कॅमेरा नाई भेटला तरी चालन. आतला रोल पायजे. ती दवाखान्यात जायच्या सकाळचा फोटो हाय त्यात. दुसरा एकबी नाई."

रोलची किंमत काय लिहायची? मी रिपोर्टात फक्त 'एक पुराना कैमरा' लिहिलं.

आठवड्यानं एका स्टुडिओवाल्याचा निरोप आला: शेजारच्या रिसालीचा एक चुनेवाला तसला कॅमेरा विकायला फिरतोय. त्याला कॅमेऱ्यासकट उचलून आणला.

"मोर ददा के आय, साहब," म्हणजे बापाचा आहे म्हणे! दोन तास एकच पाढा. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा ओरडण्याला तयार असतो, साध्या कामाला नसतो. कॅमेरा पुढ्यात ठेवून म्हटलं, "बाप का है ना? तो खोल के दिखा."

त्यानं चारी बाजूंनी चाचपलं. बटण काही सापडेना. मग घळाघळा रडला आणि कबूल झाला.

मी असा फुशारलो म्हणता! दोन पंचांसमोर स्वतः बटण दाबून पुढचा भाता बाहेर काढला. पंचनाम्यात नंबर हवा, तो दिसेना, म्हणून मागचं झाकणही सताड उघडलं.

ओळख पटवायला आलेले ते गृहस्थ दारातच थबकले. "अरे देवा! उघडला का जी तुमी?"

स्टुडिओत रोल धुतला. आधीचे फोटो आले. तिचा सगळ्यात शेवटचा, वरच्या वेढ्यातला. उजेडानं जळून गेलेला.

मला वाटलं, हा माणूस आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. ते मात्र म्हणाले, "जाऊ द्या, साहेब. घाईत तुमच्या ध्यानात रायलं नसन."

पुढं ठाण्यात सगळ्यांना शिकवलं: माणूस कशासाठी रडतोय ते आधी लिहा, वस्तू मागाहून.

त्या तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तिकेत शेरा आहे, 'संपूर्ण माल हस्तगत, उत्तम कामगिरी'. तो मी घरात कोणाला दाखवलेला नाही.