वाळवंटातल्या दूर्वा

खरं सांगायचं तर त्या गणेश चतुर्थीला सकाळपासून माझं बाप्पाशी भांडण चाललं होतं. हात मोदकाच्या पाऱ्या वळत होते आणि मनात एकच घोष होता: आठ महिने झाले, आता तूच एखादी खूण दाखव आणि मला इथून लंडनला, स्टॅनमोरच्या घरी परत ने. देवाला असं धमकावणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण माझा स्वभाव असाच आहे, आणि पुढच्या तासाभरात जे घडलं ते सांगताना अजूनही माझा श्वास भरभर चालायला लागतो, तेव्हा आधी स्वभाव कबूल करून टाकलेला बरा.

इंग्लंडमध्ये वाळवंट आहे, असं सांगितलं की आपले लोक हसतात. मीही हसले होते. केंटच्या टोकाला, जिथे जमीन समुद्रात घुसते, तिथे डंजनेस नावाची वस्ती आहे. वाळू नाही, उंट नाहीत, फक्त गोटे. मैलोन् मैल पसरलेले तांबूस, करडे, गुळगुळीत गोटे, त्यात मधूनच खुरटी झुडपं, विखुरलेली लाकडी घरं, एक दीपगृह आणि मागे अणुवीज केंद्राच्या चौकोनी इमारती. हवामानवाले म्हणतात, हे काही खरं वाळवंट नव्हे. त्यांना म्हणावं, इथे राहून तुळस जगवून दाखवा. माती नाही, सावली नाही, वारा सदा अंगावर आलेला. देवाची पितळी भांडी आज घासावीत तर परवा खाऱ्या हवेनं काळी. दुधाच्या बाटलीसाठीसुद्धा गाडी काढायची. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर इथलं एक लाकडी घर पाहिलं आणि भूल द्यायचं काम आयुष्यभर करणारा हा माणूस स्वतःच भुलला. "अगं, लाइट बघ इथला," एवढंच म्हणत राहिले. एक वर्ष राहून बघू, अशी बोली ठरली आणि आम्ही आलो.

मी नागपूरची. उन्हाळ्यात कूलरसमोर पाट टाकून वाढलेली मुलगी वाळवंटाला काय घाबरणार. मला खाल्लं ते एकटेपणानं. स्टॅनमोरला गणपतीत आमच्या घरी पन्नास माणसं असायची. इथे आठ महिन्यांत मी एका माणसाचं नाव विचारलं नव्हतं. उलट एका बाईवर तर माझा रागच होता. सत्तरीच्या पुढची, पुरुषी कोट घातलेली, आणि गोट्यांत पाय रुतू नयेत म्हणून पायांना चक्क लाकडी फळ्या बांधलेली. रोज दुपारी बाराच्या सुमाराला ती फटक फटक करत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जायची. इथे घरांना कुंपणं नसतात, घालायचीही नसतात. मला ते मुळीच पटत नव्हतं. "अहो, सांगा ना त्या बाईला. आपलं अंगण म्हणजे रस्ता आहे का?" असं मी दर आठवड्याला म्हणायचे. हे हसून म्हणायचे, "ती पन्नास वर्षं इथून चाललीय. घर आपण मध्ये आणलंय."

तर चतुर्थीची सकाळ. मूर्ती चौरंगावर, समया लागलेल्या, मोदक वाफेवर. मी विचार केला, आणखी दहा मिनिटांत पूजा आटोपेल, नैवेद्य होईल, आणि ओरडून ह्यांना सांगितलं, "घ्या तुमचं इन्सुलिन." ह्यांना मधुमेह आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं की थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते. हे मी सांगायला नको. ते डॉक्टर, मी तीस वर्षं फार्मासिस्ट. पण चतुर्थीला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा ह्यांचा लहानपणापासूनचा नेम. सकाळपासून कपभर चहावर होते. पेशंटला याच गोष्टीवरून दटावणारी आम्ही दोघं, आणि आमच्याच घरी देवासमोर उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन बसलो होतो.

आणि मी दूर्वांची पुडी सोडली. आदल्या दिवशी खास वॉटफर्डला जाऊन माझ्या मैत्रिणीच्या, सुनीताच्या हिरवळीवरून एकवीस जुड्या खुडून आणल्या होत्या, ओल्या कागदात गुंडाळून, वरून फॉइल लावून. पुडीतून निघाली कोथिंबीर. सुनीताच्या फ्रिजमधल्या सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्यांपैकी मी भलतीच उचलून आणली होती. चूक माझी. पण आठ महिन्यांचा राग असा बाहेर पडला की विचारू नका. "कुठे आणून टाकलंत मला? गणपतीला एक गवताची काडी मिळू नये असल्या जागी? ही काय राहायची जागा आहे?" हे खिडकीशी गेले. मग म्हणाले, "दूर्वाच ना? दीपगृहापलीकडे थोडं ग्रास बघितलंय मी. पाच मिनिटांत आणतो." जॅकेट न घालता गेले. मी थांबवलं नाही. मनात म्हटलं, जाऊ देत, कळू दे.

कणीक मळतात तितक्या वेळात समुद्रावरून धुकं आलं. ते येताना दिसत नाही. खिडकीतून दीपगृह दिसत होतं, मी मोदक ताटात काढले, वर पाहिलं तर दीपगृह नव्हतं, अंगणातली खुर्चीही नव्हती. घड्याळ पाहिलं. इन्सुलिन घेऊन पाऊण तास होत आला होता. मी फोन लावला आणि तो चौरंगाशेजारीच वाजला. ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या जॅकेटच्या खिशात, जॅकेट खुंटीला. आणि मी, तीस वर्षं लोकांना मधुमेहाची औषधं समजावून देणारी बाई, त्या गोळ्या न घेताच तशीच दारातून पळत सुटले.

गोट्यांवर पळता येत नाही. पाय घोट्यापर्यंत रुततो, पुढचा उचलेपर्यंत मागचा घसरतो. "अहो!" म्हणून हाक मारत मी धावत होते आणि माझ्याच पावलांचा करकर आवाज एवढा होता की कुणी उत्तर दिलं असतं तरी ते ऐकू आलं नसतं. पण हे तेव्हा कळत नव्हतं. मी आणखी जोरात पळत होते, आणखी जोरात ओरडत होते. घर कुठल्या बाजूला राहिलं, समुद्र कुठे, काही समजेना. पुढे उतारावर पाणी खोल आहे, ओढ जबर आहे, एवढं ठाऊक होतं. मी रडत होते. बाप्पाला म्हणत होते, मला कुठलीही खूण नको, स्टॅनमोर नको, फक्त हे मिळू देत.

फटक, फटक. धुक्यातून त्या फळ्या आल्या, मागून तो पुरुषी कोट. तिची दुपारची वेळ झाली होती. तिनं माझं मनगट धरलं.

"चालू नकोस, लव्ह," ती म्हणाली.

"माझा नवरा हरवलाय, त्याला डायबेटिस आहे, मला..."

"ऐकलं मी. सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. आता उभी राहा."

"अहो, वेळ नाहीये!" हे मी तिला मराठीतच म्हटलं.

"गोट्यांवर चाललीस की फक्त स्वतःचे पाय ऐकू येतात," ती म्हणाली. "थांब. श्वासही हळू घे."

थांबणं इतकं अवघड असतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. हात सोडवून पळावंसं वाटत होतं. पण तिची पकड माशाची जाळी ओढलेल्या हाताची होती, सुटेना. मग मी सुटायचं सोडून दिलं. डोळे मिटले. काही सुचेना, कुठलं स्तोत्रही आठवेना. नुसती उभी राहिले.

आधी लाटा ऐकू आल्या, डावीकडून. म्हणजे समुद्र तिकडे. मग एक पक्षी. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग फार लांबून, टक, टक, टकटक. टक, टक, टकटक.

"लाटेनं दगड वाजतायत," ती पुटपुटली.

लाटेनं नव्हतं ते. पस्तीस वर्षं मी तो ठोका ऐकतेय. स्टॅनमोरला आरतीला ह्यांच्या हातात झांज दिली की सगळे एकमेकांकडे बघून हसायचे, कारण दर तिसऱ्या ठोक्यानंतर हे घाई करतात आणि ताल चुकतो. मी कितीदा कोपरानं ढोसलंय, कितीदा झांज काढून घेतलीय. त्या पांढऱ्या धुक्यात कुणीतरी दगडावर दगड आपटून आरतीचा ठेका धरत होतं आणि तो बरोब्बर तिसऱ्या ठोक्यानंतर चुकत होता. "तो माझा नवरा आहे," मी म्हटलं, आणि तिनं एकही प्रश्न न विचारता हाताला धरून मला त्या दिशेला नेलं. दहा पावलं चालायचं, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा दहा पावलं. एकदा ठोका थांबला तेव्हा मी तिचा हात घट्ट धरला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मंद.

एका उलट्या होडीच्या आडोशाला हे बसले होते. चेहरा पांढराफटक, घामानं सदरा चिंब, नजर माझ्यावर असून नसल्यासारखी. मांडीवर गवताची मूठभर जुडी. दोन्ही हातांत गोटे, आणि हात आपोआप चालल्यासारखे चालू. "ओरडायला दम नव्हता," असं ते नंतर म्हणाले. "आणि आरतीची वेळ झाली होती." मी खाली बसले आणि माझ्या लक्षात आलं की माझे हात रिकामे आहेत. गोळ्या घरी, मोदक घरी. मी वेड्यासारखी ॲप्रनवर हात फिरवत राहिले, आणि खिशात हाताला लागली मधाची बाटली. पंचामृताची तयारी करताना कधी खिशात टाकली, मला आठवत नाही. मी ती पिळून ह्यांच्या ओठाआड थोडा थोडा मध घातला. देवाच्या स्नानाचा मध. गिळता येत होतं, हे नशीब. म्हातारीनं आपला कोट काढून ह्यांच्या खांद्यावर टाकला. दहा-बारा मिनिटांनी नजर जागेवर आली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "दूर्वा नाहीयेत गं या. पण चालतील का?"

मला जे रडू फुटलं ते घरी पोचेपर्यंत थांबलं नाही.

आमची पूजा त्या दिवशी दीड वाजता झाली, यजमानांनी आधी सँडविच आणि तीन मोदक खाल्ल्यानंतर. नेम मोडला, नैवेद्य उष्टा झाला, पंचामृतात मध नव्हता. त्या रखरखीत, खारट, गोट्यांतून उगवलेल्या गवताच्या मी एकवीस काड्या मोजल्या आणि बाप्पाला वाहिल्या. उंबऱ्याबाहेर आमच्या चपलांशेजारी दोन लाकडी फळ्या नीट ठेवलेल्या होत्या. त्यांची मालकीण, जीन, खुर्चीत बसून आरतीला टाळ्या वाजवत होती. ह्यांच्याहून बऱ्या तालात.

जीन म्हणजे साक्षात कोण होती, असं मला सुनीता विचारते. मी तसलं काही म्हणत नाही. जीन फार शिव्या देते, मोदकाला "डम्पलिंग" म्हणते आणि प्रत्येक वेळी सहा खाते. ती रोजच्या वाटेनं रोजच्या वेळी चालली होती, एवढंच घडलं. पण ती वाट माझ्या अंगणातून जात होती, आणि तिथे कुंपण घालावं म्हणून मी आठ महिने तळमळत होते. माझं म्हणणं बाप्पानं ऐकलं असतं तर? हा विचार आला की मी देवासमोर हात जोडते आणि जोडूनच ठेवते. मी मागितलं ते दिलं नाहीस म्हणून उपकार, असं कधी कुणी देवाला म्हटलं असेल का, कोण जाणे. मी म्हणते.

वर्षाची बोली कधीच संपली. तुळस आता स्वयंपाकघरात खिडकीशी आहे, तिथून तिला फळ्यांचा आवाज ऐकू येतो. फोनवर सगळे विचारतात, वाळवंटात राहणं खरंच कसं असतं गं? मी उत्साहानं सांगत सुटते: उन्हात पापड एका दिवसात वाळतात, आभाळ एवढं मोठं असतं, कोबीसारखी एक भाजी दगडातून आपोआप उगवते आणि तिच्या फुलांना मधाचा वास येतो. पण खरं उत्तर असं आहे की इथे रोज थोडा वेळ थांबावं लागतं. आयुष्यभर मी देवाला हाका मारत पळत होते, आणि तो बोलत नाही म्हणून रागावत होते.

यंदा चतुर्थीला मी झांजा पुसून ठेवल्या होत्या. हे आले ते खिशातून दोन गोटे काढूनच. आरती सुरू झाली. टक, टक, टकटक. जीननं माझ्याकडे पाहिलं. सवयीनं माझं कोपर उचललं गेलं होतं. मी ते खाली घेतलं, डोळे मिटले आणि त्याच चुकलेल्या तालावर टाळी धरली.