नाव न टाकता लिहिलेलं

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. बारामतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटरचा वर्ग भरायचा. इंटरनेट फक्त ऑफिसातल्या एका मशीनवर होतं, तेही लागलं तर. पण वर्गातली बारा मशीन्स तारेनं जोडलेली होती आणि सरांनी त्यांवर एक पान उघडून दिलं होतं. कुणीही कुठल्याही मशीनवरून त्यात प्रश्न लिहायचा, ज्याला येईल त्यानं खाली उत्तर द्यायचं. आम्ही त्याला 'चर्चा' म्हणायचो. मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. मी डाळजहून एसटीनं यायचे. गाडी चुकली की तास बुडायचा, मग चर्चा उघडून काय शिकवलं ते बघायचं.

उत्तरं बहुतेक शेळगावच्या एका मुलीची असायची. आजोबांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती, वडील आता ऊस करायचे. ती पायरीपायरीनं समजावून लिहायची आणि शेवटी, 'नाही जमलं तर तीन नंबरच्या मशीनवर ये.' तिचं बघून बाकीचेही उत्तरं द्यायला लागले. कुणी आजारी पडलं तर त्याच्यासाठी तासाचं सगळं उतरवून ठेवायचे. दोनतीन महिने फार बरं वाटलं.

एका सकाळी तिच्या उत्तराखाली एक बिननावाची ओळ दिसली. हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो, तीन नंबरवर नाक धरून बसा. मी हसले. दुपारपर्यंत त्याखाली आणखी सातआठ ओळी आल्या. त्या तिच्या शरीराबद्दल होत्या. त्या मी इथं लिहिणार नाही. पण पहिल्या ओळीला मी हसले होते. वर्गात आम्ही चारच मुली, आणि ती ओळ माझ्यावर नव्हती, एवढंच त्याचं कारण.

त्यातल्या घाणेरड्या ओळी लिहिणारा मला माहीत होता. तो माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा, पडदा मला दिसत होता. आदल्याच दिवशी त्याचा प्रोग्राम चालावा म्हणून ती तासभर त्याच्याजवळ बसली होती. "वाचलंस का?" त्यानं मला विचारलं. तो शेंगदाणे खात होता. हसताना तोंडातला पांढरा लगदा दिसला. मी मान फिरवली आणि माझ्या पडद्याकडे बघत बसले.

तिनं ते सगळं उभ्यानंच वाचलं, प्रिंटरवर छापून काढलं आणि कागद घेऊन संचालकांकडे गेली. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. संस्थेचं नाव खराब होतंय, वातावरण निवळेपर्यंत मुलीला घरीच ठेवा, असं ते सांगत होते.

वडिलांनी शांतपणे विचारलं, "माझ्या पोरीनं काय लिवलंय त्यात?"

"तिनं काही नाही हो, आबा."

"मग तिला घरी का न्यायची?"

संचालकांनी पुन्हा वातावरणाचंच सांगितलं. मी दाराशी उभी होते, नाव ओठांवर होतं. आत गेले नाही. बापलेक जिना उतरून गेले.

दुपारी मी सरांना गाठून नाव सांगितलं. सर खाली बघत म्हणाले, "माहीत आहे मला. कुठल्या मशीनवरून काय लिहिलं ते दिसतं." मग म्हणाले, "वर्गाची ही जागा त्याच्या वडिलांची आहे." एवढं मऊ बोलणारा माणूस, मुलांनी एकमेकांना धरून शिकावं म्हणून धडपडणारा, आणि मला त्याच्यासमोर उभं राहवेना.

चर्चेचं पान काढून टाकलं. शिस्तीबद्दलची एक नोटीस लागली. शेंगदाणेवाला पुढच्या सोमवारी नेहमीच्या जागी बसला होता.

ती एकदम परीक्षेलाच आली, पेपर देऊन निघाली. मी तिला एसटी स्टँडवर गाठलं आणि सांगितलं, की मी पण हसले होते.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तू हसलीस तवा मी दारातच हुते."

तिच्या आवाजात राग नव्हता. इंदापूरची गाडी लागली तशी ती चढली, खिडकीशी बसली. मला भिगवणच्या गाडीला अर्धा तास होता. मला माझीच किळस येत होती; मी तिथंच उभी राहिले.