शिरवाळ्यांच्या साच्यावरचं नाव

जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देण्याचा धंदा आमच्या घराण्यात कुणी केला नव्हता. संपात गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हा मी टोपली डोक्यावर घेतली आणि घाटकोपर-मुलुंडच्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या. एक नियम माझा मीच शिकले. एखादी वस्तू समोरच्याच्या डोळ्यांत भरली की आपण तोंड मिटायचं. तो तिला जेवढी मोठी करेल तेवढी करू द्यायची.

मुलुंडच्या एका बिल्डिंगीत तळमजल्यावरच्या मालवणी घरातली सासू वारली होती. सुनेने दोन डबे आणि एका परातीच्या बदल्यात सासूचा शिरवाळ्यांचा साचा मला देऊन टाकला. "रोज पाय ठेचकाळतो याला," म्हणाली. चार पायांचं लाकडी घोडं, मधे भोकांची पितळी चकती, वर दट्ट्या लावलेला लांब दांडा. आमच्या गावी तांदळाचे उकडलेले गरम गोळे त्यात घालून दांडा दाबतात. खालून शिरवाळे उतरतात, ते नारळाच्या रसात खायचे.

साचा जिन्याखाली ठेवून मी दम खात होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सर उतरले. इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि आता कॉलेजचं वस्तुसंग्रहालय सांभाळणारे. ते गुडघ्यांवर बसले. दांडा वर-खाली केला. चकतीच्या भोकांवरून करंगळी फिरवून पाहिली.

"बाई, हे कुठून मिळालं?"

"जुनं आहे," मी म्हटलं.

"शिक्षेचं साधन दिसतंय. बोटं चिरडायचं. पोर्तुगीज काळातलं असावं."

मी खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही.

त्यांनी जुन्या साड्यांचं गाठोडं देऊ केलं. मला ते नको होतं. बिल्डिंगी-बिल्डिंगीत मी 'ए भांडीवाली' होते. म्हटलं, कार्डावर माझं नाव लावा आणि घेऊन जा. सर लगेच हो म्हणाले. एवढ्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाचा मला कायम संशय येतो, तो त्या दिवशी कसा आला नाही कोण जाणे. त्यांनी फॉर्म भरून घेतला, पतीच्या नावासकट.

महिन्याभराने नवरा संध्याकाळी संग्रहालयातून घरी आला तो छाती काढून. "गो, माझां नाव काचेत लागलां."

त्याने तोवर चाळीतल्या चार माणसांना नेऊन ते दाखवलंही होतं. दुसऱ्या दिवशी मी टोपलीसकट संग्रहालयात गेले. एका काचेत होकायंत्र, शेजारी शहामृगाचं अंडं, बाटलीत दोन डोक्यांची पाल, पुढे गंजलेल्या तलवारी. तलवारींपाशी माझा साचा. 'शिक्षेचे साधन. बहुधा पोर्तुगीज काळ.' खाली नवऱ्याचं नाव, त्याच्यापुढे 'यांजकडून भेट'. ज्या माणसाने आयुष्यात एक डबा उचलला नाही, त्याच्याकडून. शाळेतल्या पोरी बोटं मुठीत लपवून 'ई' करत होत्या.

सरांच्या टेबलावर मी टोपली आपटली. सगळ्या वाट्या वाजल्या.

"बाई, हळू."

"नाव कुणाचं लावायचं ठरलं होतं?"

"फॉर्ममधे पतीचं नाव होतं, क्लार्कने तेच उचललं. काय फरक पडतो? एकच घर."

"मग तुमच्या जागी तुमच्या बायकोला खुर्चीवर बसवा. एकच घर."

सर हसले नाहीत. कार्डं छापून आली आहेत, पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत, आता बदल नाही, म्हणाले. तेव्हा मी इतके दिवस मिटलेलं तोंड उघडलं.

"पाहुण्यांत कुणी मालवणी आहे का?"

"का?"

"असला तर पोट धरून हसेल. ते काय आहे, मला माहीत आहे. नाव लावा, सांगते."

"आधी सांगा."

"आधी लावा."

अर्धा तास गेला. सर कंसात नाव लावायला तयार झाले, मग नवऱ्याच्या नावाखाली, मग शेजारी. मी टोपली उचलून दोनदा दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी हाक मारली आणि कागदावर एकट्या माझं नाव लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी मी घरून उकडीचे गोळे नेले. फडक्यात बांधलेले, गरम, आणि बाटलीत नारळाचा रस. चकती घासून घेतली आणि सरांनाच दांड्यावर जोर लावायला सांगितलं. ताटलीत पांढरे शिरवाळे उतरले तसे सरांचे कान लाल झाले.

"जिन्यातच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर सांगत होतात."

त्यांनी रस घालून दोनदा घेतले.

नवं कार्ड लागलं. 'शिरवाळ्यांचा साचा', खाली माझं नाव. नवऱ्याने चाळीतल्या कुणाला परत तिकडे नेलं नाही. मी मुद्दाम जाऊन तासभर उभी राहिले. एक माणूस थांबेल तर शपथ. पोरी तलवारी पाहून सरळ पुढे जायच्या. एक बाई म्हणाली, "आमच्याकडे माळ्यावर पडलाय असला." माझ्या नावाकडे तिने पाहिलंही नाही.

मी परत सरांच्या टेबलापाशी. "सगळ्यात जास्त गर्दी कशापाशी असते?"

"पेंढा भरलेली मगर आहे, दारापाशी. का?"

"तिच्या तोंडासमोर ठेवा."

"बाई, मगर आणि स्वयंपाकघर, याला काही शास्त्र आहे का?"

"नावाला माणसं नाहीत, यालाही शास्त्र नाही."

मगर दोन हात मागे सरकली. तिचे दात बघायला वाकायचं तर साच्यावरूनच वाकावं लागे, आणि वाकलं की नाकासमोर माझं नाव. सरांनी तेवढ्यासाठी माझ्याकडून शिरवाळ्यांचा एक डबा उकळला. तो सौदा मी हरले, हे मला अजून पचलेलं नाही.