उजवा पाय नव्हता, डावा होता

रुखसारचा पाय मोठ्या बाबांनी बिघडवला नाही. मी बिघडवला.

काल नांदुऱ्यात त्यांची दशक्रिया झाली. परत निघताना माझ्यामागे दोघं बोलत होते.
"माणूस चांगला होता बॉ. पण त्या पोरीचा पाय खराब केला मास्तरनं."
मी मागे वळून बघितलं नाही. म्हणून आज लिहिते आहे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी लहानपणी फार आजारी असायचे, त्यामुळे पहिली-दुसरी घरीच झाली, त्यांच्याजवळ. शाळेतून रिटायर झाल्यावर ते पोलीस भरतीच्या मुलींना ग्राउंडवर पळायला शिकवायचे. एक पैसा न घेता.

व्हिडिओचं काम माझ्याकडे होतं.

ट्रॅकच्या कडेला वीट ठेवायची, विटेला मोबाईल टेकवायचा. मुलगी मोबाईलकडे पाठ करून पळत लांब जाणार. मग व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघायचा: टाच आधी टेकते की पंजा, पाऊल आत कलतं की बाहेर.

मोठ्या बाबांना मोतीबिंदू. स्क्रीनवर त्यांना नीट दिसायचं नाही. ते विचारायचे आणि मी सांगायचे.

रुखसार आमच्या बॅचमधली सगळ्यात वेगवान. पण आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिच्या दोन्ही नडग्या दुखायच्या.
"काऊन व, पळून राह्यली का वरातीत चालून राह्यली?" मोठे बाबा ओरडायचे. ती हसायची आणि वेग वाढवायची.

त्या सकाळी माझ्या मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली होती. मी सेल्फी कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढला.

"कोणता पाय आत पडून राह्यला?"
"उजवा."
"नक्की?"
"नक्की."

त्यांनी तिच्या उजव्या बुटात आतल्या बाजूनं रबराचा तुकडा बसवला.

माझ्या मोबाईलचा सेल्फी कॅमेरा आरशासारखा उलटा व्हिडिओ सेव्ह करतो. आत पडत होता तो डावा पाय.

हे मला भरतीच्या मैदानी चाचणीला चार दिवस उरले असताना कळलं. रुखसारची एक लेस तुटली होती, म्हणून डाव्या बुटाला पांढरी आणि उजव्याला काळी लेस होती. व्हिडिओत पांढरी उजवीकडे दिसली.
मी पुन्हा बघितलं. पुन्हा बघितलं.

तोपर्यंत तिचा चांगला पाय घोट्यापाशी सुजला होता. नडग्या तशाच दुखत होत्या.

मी मोठ्या बाबांना सांगितलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला.
"कोणाले सांगितलं?"
"कोणालेच नाही."
"मंग चाल."

रुखसारच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रुखसार तिथंच होती, पाय स्टुलावर ठेवून. दोन-तीन गिऱ्हाइकंही उभी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोठे बाबा बोलले.
"पाय वळखण्यात माही चूक झाली. उजवा नाही, डावा होता. चार दिवसांत हे नाही निघत. तिले पळवू नका."

अब्बा पान्हा हातात धरून तसेच उभे राहिले.
"मास्तर, बच्ची तुम्हारे भरोसे पे छोडी थी."

रुखसारनं स्टुलावरचा पाय खाली घेतला आणि आत निघून गेली.

येताना मी रडत विचारलं, "तुम्ही काऊन घेतलं अंगावर?"
"उद्या तुले पुन्हा व्हिडिओ काढा लागते. तुह्यावरचा भरवसा गेला, तं कोणती पोरगी पाय दाखवीन?"

उलट झालं. त्यांच्यावरचा भरवसा गेला. पाच मुली यायच्या बंद झाल्या. रुखसारची भरती हुकली. चौकात लोक "डॉक्टर मास्तर" म्हणून त्यांना चिडवायचे.
तरी ते रोज पहाटे ग्राउंडवर जायचे. उरलेल्या दोघींसाठी.

त्यांनी मला गप्प राहा असं कधीही म्हटलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे.
गप्प मी राहिले.

काल घरी येऊन रुखसारला फोन केला. सगळं सांगितलं. 
ती म्हणाली, "आता सांगून राह्यली? रस्त्यात दिसले की तोंड फिरवत होती व मी. सलाम नाही केला त्यांले. एकदाबी नाही."
मी विचारलं,
"पोस्ट टाकू का? तुझं नाव नाही लिहीत."
"नाव लिही. नाही तं लोक मानणार नाहीत. अब्बाले मी वाचून दाखवीन."

म्हणून नावासकट लिहिलं.

रुखसारनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

जे त्या दिवशी दुकानात होते, जे चौकात हसले, ज्यांनी मुली पाठवणं बंद केलं, त्यांनी हे वाचावं आणि दुसऱ्यालाही सांगावं. पाय मी चुकीचा सांगितला.

मोठे बाबा, तुम्हाला नमस्कार.
हे तुम्ही असताना लिहायला हवं होतं.