काचपट्टीवरचे विळे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अकोल्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. शिबिरांसाठी पार धारणीपर्यंत जायची. तांबडी पेशी बारीक नळीत शिरताना दबते, लांबते, वाकते आणि बाहेर पडली की परत गोल होते, हे मीच समजावून सांगायची. सिकलसेलच्या आजारात ती विळ्यासारखी कडक होते, अडकते — मग हाडं ठणकतात. आईबाप स्वतः ठणठणीत, पण दोघंही वाहक असले तर लेकराला हा आजार होऊ शकतो. लग्नाआधी रक्त तपासा गं, असं पोरींना बजावणारी मीच.

एकदा, वाहकाच्याही पेशी विळ्यासारख्या करून दाखवणारं नवीन रसायन नीट चालतं का, हे पाहायला मी स्वतःच्या बोटातलं रक्त घेतलं. मायक्रोस्कोपखाली — विळे. म्हणजे मी वाहक होते. मी काचपट्टी धुऊन टाकली.

त्यानंतर लवकरच बाळापूरचे पाहुणे आले. आम्ही बौद्ध, पत्रिका पाहत नाही, आणि दोन्ही घरांना त्याचा अभिमान. होणाऱ्या सासऱ्यांनी एवढंच विचारलं, रक्त तपासलंय का. मुलगा मला फार आवडला होता. मी म्हटलं, "मी लॅबमंदीच आहे ना बाबा, सारं नॉर्मल आहे."

ते हसले. "मंग पोराचं तरी कायले तपासाचं?"

त्या क्षणी तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला? सगळं कळत होतं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

आमची लेक आर्या आता सहा वर्षांची आहे. थंडी पडली की तिचे पाय ठणकतात. हल्ली रडत नाही, नुसती उशी चावते. आत काय अडकलंय ते मला दिसतं — आणि माझी मला किळस येते.

अमरावतीच्या दवाखान्यात तिचा रिपोर्ट आला, आम्ही दोघंही वाहक निघालो, तेव्हा बाहेरच्या बाकावर नवऱ्याने माझा हात धरला. "कावून रडून राहिली? तुयंबी तपासाचं राहून गेलं असंन. तुले तरी काय मालूम होतं?"

मी म्हटलं, नव्हतं.

तिचं दुखणं उठलं की तो अजूनही हेच बोलून मला धीर देतो. आणि मी तो घेते.