सोळा बोअरचा गज

ज्वारीचं धाट हातात आलं की मला पोलीस ठाण्यातला तो सोमवार आठवतो आणि थोडी लाजही वाटते. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. ही गोष्ट मात्र, जिच्यात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ती विसरता आली नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवडणूक नुकतीच आटोपली होती. सकाळची हजेरी चालू असताना बाजारातल्या एका लेथवाल्याचा फोन आला.

"साहेब, एक बाई दोन दिवसांपासून चकरा मारायलीय. हातात ज्वारीचं धाट हाय. म्हणती, याच जाडीचा पितळी गज करून द्या, बंदुकीच्या नळीत गेला पायजे. मला लय भ्या वाटायलंय."

गावठी कट्टे बनवणारी एक टोळी आम्ही महिनाभर शोधत होतो. मला वाटलं, देव पावला. महिला शिपायाला पाठवून बाईंना ठाण्यात आणलं.

साठीच्या बाई, सुती लुगडं, पायात रबरी चपला. हातात खरोखरच वीतभर धाट, सोलून गुळगुळीत केलेलं. विचारण्याआधीच त्यांनी पिशवीतून परवाना काढून टेबलावर ठेवला. नवरा वारल्यावर तो त्यांच्या नावावर झाला होता. पीक संरक्षणासाठी एकनळी बंदूक, सोळा बोअर. आमच्याकडे ज्याच्याकडे बंदूक त्याच्याकडे बारा बोअर. त्याहून अरुंद नळीची सोळा बोअर मी स्वतः दोन-तीनदाच पाहिली असेल.

"गज कशाला पाहिजे?"

"साफ कराया."

"मग दुकानातून घ्यायचा."

"हिंडले की साहेब. पाथरी झाली, परभणी झाली. देवगाव फाट्याहून जीप धरून जालन्याला बी गेले. समदे बाराचंच काढून दाखवतेत. म्हणतेत, सोळाचं सामान आता येतच न्हाई. ब्रश न्हाई, गज न्हाई, काडतुसाचा पट्टा सुदिक न्हाई."

"इतकी वर्षं कशानं साफ केली?"

"मालक वेताच्या काडीला चिंधी गुंडाळायचे. मी बी तसंच करते."

"मग आताच पितळी गज का लागला?"

इथे बाई गप्प झाल्या. पोलिसाला एवढं पुरतं. दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. शेवटी माझा आवाज चढला. "परवान्याचं नूतनीकरण माझ्या शिफारशीवर आहे, लक्षात ठेवा." बाईंनी टेबलावरचा परवाना जवळ ओढून घेतला, पण तोंड उघडलं नाही. माझा अनुभव असा की धमकी दिली की गुन्हेगार बोलायला लागतो, काहीबाही रचून सांगतो. ही बाई काहीच रचत नव्हती. तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं, पण ते सुचलं महिला शिपायाला. बाईंना चहा पाजून ती आत आली.

"साहेब, त्या लपवीत न्हाईत, भ्यायला लागल्यात. एकदा बंदूक मागवून बघा की."

शिपायाला पंच सोबत देऊन बाईंच्या घरून बंदूक आणवली. उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी खिडकीकडे धरली. रिकाम्या नळीतून पलीकडचा उजेड गोल दिसतो. मला अंधार दिसला. मध्येच काहीतरी अडकलं होतं.

"हे काय आहे?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. "तुमच्याच हितलं हाय, साहेब."

निवडणुकीच्या आधी सगळ्या परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्या ठेवायच्या आमच्या मालखान्याला ओल होती. परत देताना बंदुका गंजलेल्या दिसू नयेत म्हणून मालखान्याच्या हवालदाराने ठाण्यातला एकुलता एक गज प्रत्येक नळीतून फिरवला होता. त्याचा ब्रश बारा बोअरचा. सोळाच्या नळीत तो जाईना, तेव्हा त्याने जोर लावला आणि ब्रश आतच तुटला. मी गज मागवला. त्याच्या टोकाला ब्रश नव्हता. हवालदाराने तिथेच कबूल केलं.

"मावशी, त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सही करून बसले होते ना. बंदूक चांगली मिळाली म्हणून, हितंच, या टेबलावर. बंदूक हातात आली सही केल्यावर. घरी गेल्यावर नळीत बघितलं. काडी घालून ढकलाया गेले तर काडीच मोडली. आता सही माझी, परवाना तुमच्या हातात. कुणाला सांगू?"

सह्या आधी आणि बंदुका मागून, ही घाई माझीच होती. रांग लवकर संपावी म्हणून मीच तसं सांगितलं होतं. रानडुकरं पळवायला ही बाई उसाच्या कडेला उभं राहून हवेत बार काढायची. त्या दिवशी न बघता काढला असता तर नळी तिच्या तोंडासमोर फुटली असती. नवऱ्याने एक सवय लावली होती, काडतूस घालण्याआधी नळीतून आभाळ बघायचं. त्या सवयीने ती वाचली. माझ्या ठाण्याने तर तिला मारायची पुरती तयारी केली होती.

लेथवाल्यालाच बोलावलं. त्याने धाटाच्या मापाचा गज कातून दिला आणि दोन ठोक्यांत ब्रशचा तुकडा बाहेर पडला. सगळी हकीकत मी स्टेशन डायरीत लिहिली, माझ्या घाईसकट. वरून खुलासा मागितला गेला, तो दिला. बाईंची माफी मागितली.

"चुकतंच की माणूस," त्या म्हणाल्या. "पर आधी नळी बघू द्या, मग सही घ्या."

त्या दिवसानंतर कुणी गप्प बसलं की तो काय लपवतोय हे विचारण्याआधी, तो मला भितोय का, हे मी स्वतःला विचारायला लागलो. नोकरीत हे फार उशिरा शिकलो.

पुढच्या निवडणुकीला रांगेत पहिल्या त्याच होत्या. बंदूक दिली आणि फडक्यात गुंडाळलेला पितळी गज टेबलावर ठेवला. "हे बी जमा करून घ्या. तुमच्याकडं सोळाचं न्हाई."

मी पावतीवर लिहिलं, सोबत गज एक.

परत न्यायला आल्या तेव्हा मी आधी बंदूक त्यांच्या हातात दिली. त्या दारात गेल्या, बंदूक उघडली आणि नळी आभाळाकडे धरली. सावकाश बघितलं. मग आत येऊन पेन मागितला. त्यांच्या मागच्या माणसाने सहीच्या वहीला हात लावला नाही. तो आपली बंदूक घेऊन दाराकडे निघाला.